डाव्या चाकातलं पाणी

विहीणबाई आल्या त्या जॅक, पाने, दोन रिकामी पिंपं आणि नळीचं भलंमोठं वेटोळं घेऊन. लोक लेकीच्या घरी येताना फळं आणतात, नाहीतर कपडे आणतात. मी दारातूनच म्हटलं, "अहो, राहायला आलात की दुकान मांडायला?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या आणि जॅक टेम्पोतून एका हाताने खाली घेतला.

वयाने माझ्याएवढ्याच, पण मनगटं बघावीत. मोठ्या रस्त्यावर त्यांचं टायरचं दुकान आहे. व्याही गेल्यापासून ते त्या एकट्याच चालवतात. बोलणं मोजकं, चार शब्दांत भागत असेल तर पाचवा काढायच्या नाहीत. आता मी पडले बडबडी, आणि त्यात स्वच्छतेचं वेड. भांड्यावर पाण्याचा डाग राहिला तरी माझा जीव खालीवर होतो. या बाई लग्नाच्या पंगतीला नखांत ग्रीस घेऊन बसल्या होत्या. भांडण असं आमचं कधी झालं नाही, पण पटतं असंही कुणी म्हटलं नसतं.

तरी त्या दिवशी सूनबाईने त्यांना बोलावलं नसतं, तर मीच बोलावलं असतं. वेळच तशी आली होती.

आमच्या गाई थंडीत डोंगरावरच्या गोठ्यात असतात आणि त्यांच्या वाळल्या गवताचे गोल गठ्ठे खाली घराजवळच्या शेडमध्ये. एक गठ्ठा म्हणजे चार माणसांना न हलणारा. माझ्या मुलाने हौसेने ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवून घेतला. गठ्ठा लोडरवर उचलायचा आणि वर न्यायचा. झकास काम. पण लोडर पुढे, गठ्ठा पुढे, सगळा भार पुढे. मागची चाकं जमिनीला नुसती टेकलेली. गेल्या आठवड्यात ओढ्यावरच्या वळणावर ती चाकं घसरली, ट्रॅक्टर आडवा सरकत गेला आणि आमच्या चिरंजीवांनी उडी मारली. ट्रॅक्टरला झाडाने अडवलं. चिरंजीवांना कुणी अडवलं नाही, त्यांचा पाय मोडला. तेव्हापासून पाय प्लास्टरमध्ये आणि तोंड मोकळं, असा मुक्काम पुढच्या खोलीत आहे.

गाईंना प्लास्टर कळत नाही. मी आणि सूनबाई पाठीवरून गवताचे भारे नेत होतो, पण ते कुठे पुरायला! दूध निम्म्यावर आलं, गाई आमच्याकडे बघून हंबरायला लागल्या. शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, उद्या ट्रॅक्टर मी काढते."

मी म्हटलं, "काही नको. एकाला पाडलं ना त्याने? आता तुला पाडायचंय?"

"तसाच नाही काढत. माईला बोलावते. ती मागच्या चाकांत वजनासाठी पाणी भरून देईल."

"चाकांत पाणी?" मी म्हटलं. "चाकांत हवा असते, एवढं मलाही कळतं गं."

ती हसली. स्वतःच्या आईला ती 'माई' म्हणते आणि मला 'आई'. लग्न होऊन आली त्या दिवसापासून. मी कधी सांगितलं नव्हतं.

तर विहीणबाई अंगणात उतरल्या त्या थेट ट्रॅक्टरकडेच गेल्या. चहाही उभ्याउभ्याच घेतला. दोन्ही पिंपं पाण्याने भरली आणि थंडीत गोठू नये म्हणून त्यात रेडिएटरमध्ये घालतात ते औषध मिसळलं. मी विचारलं, "मीठ घातलं तर नाही का चालणार?"

"रिम सडेल."

"बरं बाई."

दुसऱ्या चाकांना दगड लावून उजवं चाक जॅकवर उचललं, हाताने फिरवलं, व्हॉल्व्ह बरोब्बर वर आणला. आतली हवा फुस्स करून गेली. मग पिंप उंच ओट्यावर ठेवून नळी जोडली आणि पाणी आत सोडलं. मी काय गप्प बसणार? "कळणार कसं भरलं ते?"

"व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर आलं की भरलं."

संपलं. याच्यापुढे एक अक्षर नाही. पिंप जवळजवळ रिकामं झालं तेव्हा पाणी आलं. विहीणबाईंनी व्हॉल्व्ह बसवला, वरून थोडी हवा भरली आणि जॅक डाव्या बाजूला घेतला. त्या चाकाचीही हवा काढून झाली आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दुकानातलं कुणी गिऱ्हाईक असावं. आमच्या अंगणात फोनला नीट ऐकू येत नाही म्हणून त्या फाटकाकडे गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "नळी लावा. पाणी आलं की हाक मारा."

मी नळी हातात घेतली आणि चाकाकडे बघितलं. शी! चिखलाचा लपका नुसता, वर गाईंचं शेण वाळलेलं. एवढी मोठी कामगिरी चाललीय आणि चाक हे असं! मला राहवेना. चाक जॅकवर उचललेलं होतं, हात लावला की फिरत होतं. मी ते हळूहळू फिरवत फडक्याने पुसायला घेतलं. बराच भाग चकचकीत झाला, मग नळी जोडली. बघता बघता पाणी बाहेर उडालं, माझं पोट भिजलं. मला वाटलं, वा, हे चाक शहाणं दिसतंय, लवकर भरलं. मग राहिलेला भाग पुसायला चाक आणखी फिरवलं आणि हाक मारली, "विहीणबाई, भरलं!"

त्या फोनवर कुणाला तरी झापत झापतच आल्या. व्हॉल्व्ह वर होता, माझा पदर भिजलेला होता. "भरलं?"

"भरलं म्हणजे काय, आंघोळ घातली मला."

त्यांनी व्हॉल्व्ह बसवला, हवा भरली. सूनबाई ट्रॅक्टरवर चढली, लोडरने गठ्ठा उचलला, अगदी जमिनीलगत ठेवला आणि निघाली. मागची चाकं आता जमिनीत रुतून चालत होती, जराही घसरत नव्हती. आतून माझा मुलगा ओरडला, "पहिल्या गियरमध्येच राहा!" मी ओरडले, "तुला विचारलंय कुणी?" मला त्या क्षणी फार बरं वाटलं. विहीणबाईंना आज नुसत्या चहावर भागवायचं नाही, नीट ताटच वाढायचं, असं मी ठरवलं.

त्या पिंपं धुवायला गेल्या आणि तिथेच थांबल्या. बराच वेळ काही आवाज नाही म्हणून मी मागे गेले. त्या दुसऱ्या पिंपात बघत होत्या.

"हे पाणी कसलं?" त्यांनी विचारलं.

"कसलं म्हणजे? उरलेलं."

"निम्म्याहून जास्त उरलंय. दोन्ही चाकं सारखीच आहेत, विहीणबाई. नळी लावली तेव्हा व्हॉल्व्ह कुठे होता?"

"तुम्ही ठेवला तिथेच. म्हणजे... मी चाक जरा फिरवलं होतं. पुसायला."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता माझ्या सात पिढ्या निघणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "खाली असेल व्हॉल्व्ह. पाणी व्हॉल्व्हपर्यंतच चढतं. चाक निम्मंही भरलं नसेल."

"मग काय होईल?"

"चढताना काही नाही. डोंगर तिच्या उजव्या हाताला आहे आणि उजवं चाक जड आहे, ते धरून ठेवील. ती वळून उतरायला लागली की डोंगर डाव्या हाताला येईल. हलकं चाक वरच्या बाजूला, जड चाक ओढ्याच्या बाजूला." आणि त्यांनी हाताचा पंजा एका कडेवर उभा धरला आणि हळूच कलता केला.

 मुलाने उडी मारली होती, पण तेव्हा ट्रॅक्टरला झाड आडवं आलं होतं. प्रत्येक वेळी तिथे झाड कुठून यायचं? मी फोन लावायला आत धावले, तर सूनबाईचा फोन ओट्यावर चार्जिंगला. मुलगा विचारतोय काय झालं, काय झालं. मी म्हटलं, "काही नाही, पडून राहा," आणि बाहेर आले.

ट्रॅक्टरची वाट डोंगराला वळसा घालून जाते. पायवाट सरळ वर चढते. आम्ही पायवाट धरली. मी रोज चढते, मला सवय. विहीणबाईंचं आयुष्य दुकानाच्या सपाट फरशीवर गेलेलं, पहिल्या चढालाच त्यांचा श्वास भात्यासारखा चालायला लागला. "तुम्ही बसा, मी जाते," मी म्हटलं.

"माझी मुलगी आहे ती."

"आणि माझी कोण आहे?" मी खेकसले आणि त्यांचा हात धरून ओढायला लागले. वाटेत मी स्वतःला काय काय बोलले, ते सांगण्यासारखं नाही. चिखल पुसायला निघाली होती मोठी! चाक काय ताट होतं जेवायचं? विहीणबाई एकदाच म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं व्हॉल्व्ह वर का ठेवतात ते." बाकी त्यांचं तोंड श्वास घेण्यात गुंतलेलं होतं. वरून इंजिनाचा आवाज येत होता. तो आवाज चालू आहे तोवर ती आहे, एवढंच मी धरून चालले होते.

गोठ्यापाशी पोचलो तेव्हा गाई गवतात तोंड खुपसून उभ्या होत्या. ट्रॅक्टर गोठ्याच्या अंगणात उभा होता, लोडर रिकामा. सूनबाई डाव्या चाकापाशी वाकून हातातल्या पान्याने टायरवर टकटक करत होती. खाली ठोकलं की बद्द आवाज, जरा वर ठोकलं की पोकळ. हे तिला तिच्या माईनेच शिकवलेलं असणार. मी गव्हाणीच्या काठावर बसले. 

"तुम्ही दोघी इथे कशा?" ती म्हणाली. मग तिच्या माईकडे वळली. "माई, हे अर्धंसुद्धा भरलेलं नाही. चढताना डावं चाक मधेच फुकट फिरत होतं. असं कसं झालं तुझ्याकडून?"

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "फोन आला गं मध्येच. लक्ष गेलं. चुकलं माझं."

 आयुष्यभर ज्या कामावर ही बाई उभी आहे, त्या कामात चुकले म्हणून स्वतःच्या लेकीसमोर सांगत होती. तेही माझ्यासाठी. मी गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. पण मला ते सोसवेना.

"काही चुकलं नाही त्यांचं!" मी ओरडलेच. "खोटं बोलतायत तुझ्या माई. चाक मी फिरवलं. पुसायला!"

सूनबाईने आधी माझ्याकडे बघितलं, मग चाकाकडे. ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. "आई, निघतानाच मला वाटलं होतं, हे एकच चाक एवढं लखलखीत कसं!"

हसलो आम्ही तिघीही, पण घटकाभरच. पलीकडच्या डोंगरावर ढग खाली उतरायला लागले होते. एकदा वाट ओली झाली की ट्रॅक्टर इथेच अडकणार आणि गवत खाली राहणार, मग आठवडाभर पुन्हा पाठीवर भारे. जॅक खाली, नळी खाली. विहीणबाई म्हणाल्या, "राहू दे ट्रॅक्टर वर. बघू काय होतं ते."

"गाई काय खातील, माई? आणलेलं हे परवापर्यंत संपेल."

मी उठले आणि डाव्या मडगार्डवर चढून बसले. "चल. चाक हलकं आहे ना? मी बसते त्याच्यावर. माझं वजन कमी आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही."

विहीणबाईंनी क्षणभर विचार केला. "मग मीही बसते," असं म्हणून त्यांनीही पाय वर टाकला. माझ्या शेजारी त्यांना कशीबशी जागा मिळाली. दोन विहिणी एका मडगार्डवर, काय दिसलं असेल!

"उतरा," सूनबाई म्हणाली.

"अगं, पण..."

"उतरा म्हटलं ना! दोघीही. आत्ता."

या घरात आल्यापासून तिने मला असा आवाज दाखवला नव्हता. दुसऱ्या कुठल्या दिवशी असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मुकाट उतरले.

"मी वळवणारच नाहीये ट्रॅक्टर," ती म्हणाली. "उलटी उतरते. रिव्हर्समध्ये. तोंड डोंगराकडेच राहिलं की जड चाक वरच्या बाजूलाच राहतं."

विहीणबाईंनी वाटेवर एक नजर टाकली. मग म्हणाल्या, "ब्रेकला हात लावायचा नाही. गियरवरच उतरायचं."

"पाय," मी म्हटलं. "ब्रेकला पाय असतो." कुणी लक्ष दिलं नाही.

"तुम्ही दोघी वरच्या अंगाने चाला," सूनबाई म्हणाली. "ट्रॅक्टरच्या खाली कुणी यायचं नाही. आणि मला डावं-उजवं सांगू नका, गोंधळ होतो. फक्त 'डोंगराकडे' म्हणा, नाहीतर 'ओढ्याकडे'."

ती निघाली. मान मागे वळवलेली, एक हात स्टिअरिंगवर, एक सीटच्या पाठीवर. माणूस चालतो त्याहूनही हळू. आम्ही वरच्या उतारावरून, झुडपं धरत धरत. मी ओरडत होते "डोंगराकडे", विहीणबाई ओरडत होत्या "पुरे, पुरे", मी "आता सरळ". आम्हा दोघींचे आवाज कधी एका सुरात लागतील असं मला वाटलं नव्हतं.

वळण आलं. तिथे वाट ओढ्याकडे कललेली आहे आणि झाडाच्या बुंध्यावर अजून ट्रॅक्टरच्या धडकेची खूण आहे. डावं चाक कडेच्या खडीवर गेलं. खडी सुटली आणि खाली ओढ्यात दगड पडल्याचे आवाज आले. ट्रॅक्टर जरासा कलला. फार नाही, पण मी बघितलं. उजवं चाक जमिनीवरून सुटलं नाही. ते पाणी भरलेलं चाक वाटेला घट्ट धरून होतं. मी त्या चाकाला डोळ्यांनीच खाली दाबत होते आणि मनात म्हणत होते, राहा बाबा, असाच राहा, तुझे उपकार होतील.

"डोंगराकडे!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

तिने स्टिअरिंग फिरवलं. चाक खडीवरून वाटेवर आलं. ट्रॅक्टर सरळ झाला आणि तसाच, पाठमोरा, घराच्या अंगणात येऊन उभा राहिला. दारात मुलगा कुबड्यांवर उभा. "ही उलटी का आली?" त्याने विचारलं. 

सूनबाईने इंजिन बंद केलं, पण खाली उतरेना. तिचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. मी वर चढून एकेक बोट सोडवलं. वर एवढी ठामपणे बोलली होती ती पोरगी! मला समजावणं येत नाही, मला रागावणंच येतं. तिला खाली घेतलं आणि सुरू झाले. "एवढी घाबरली होतीस तर बसू का नाही दिलंस आम्हाला? आमचं वजन असतं तर कलला असता का? बघितलंस ना किती कलला तो? जीव टांगणीला लावलास आमचा. काय झालं असतं दोन म्हाताऱ्या बसल्या असत्या तर?"

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली, "आई, पाणी सांडलं असतं तर परत भरलं असतं. तुम्हाला कुठून आणलं असतं?"

तिची आई तिच्या शेजारी उभी होती, आणि हे ती मला म्हणाली.

माझी बडबड तिथेच बंद पडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले आणि विहीणबाईंकडे बघितलं. त्या दुसरीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी म्हटलं, "विहीणबाई, मुलगी दिलीत तेव्हा म्हणायचं राहून गेलं. आता म्हणते. फार मोठे उपकार आहेत तुमचे माझ्यावर."

त्यांनी बाहीने नाक पुसलं. "दोघींत मिळून एकच आहे," त्या म्हणाल्या. "सांभाळू."

मग त्या खाली वाकल्या, दगड उचलून चाकांना लावायला लागल्या आणि मी दुसऱ्या बाजूला लावायला लागले.